स्वस्त पॉवर चिपची तपासणी : दोन प्रकार झाले, डिझेलचा बॉक्स बाकी

पॉवर चिप म्हणजे गाडीचा पिकअप वाढवण्याचा दावा करणारी छोटी जोड. पहिला प्रकार स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात, म्हणजे गाडीचे बिघाड तपासायच्या सॉकेटात, खोचायच्या चिपचा. ‘नायट्रो ओबीडी 2’, ‘इको ओबीडी 2’ अशा नावांनी त्या मिळतात. दावा असा, की रीसेटचं बटण 5 सेकंद दाबा, दीडेकशे किलोमीटर चालवा, चिप तुमची सवय ओळखून ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे इंधन आणि टायमिंगचा तक्ता, बदलते.

कव्हर नखानंही निघतं. आत एक मायक्रोकंट्रोलर, 5 व्होल्टचा रेग्युलेटर, एक बटण, तीन एलईडी आणि थोडे रेझिस्टर. बोर्डावर शोधायचा तो ट्रान्सीव्हर : आठ पायांचा आयसी, एमसीपी 2551 किंवा टीजेए 1050 जातीचा. 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर कॅन बस असते, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी. तिच्याशी बोलायला तोच लागतो. ईएलएम 327 हा बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर उघडला की असा आयसी दिसतो, इथे त्याचा पत्ता नाही. 16 नंबरवरून 12 व्होल्ट, 4 नंबरवरून अर्थ, आणि दिवे लुकलुकतात.

ट्रान्सीव्हर मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून बस ऐकायची. वाय केबलच्या एका तोंडाला चिप, दुसऱ्याला कॅनेबल (कॅन बस यूएसबीला जोडणारा अडॅप्टर) आणि लॅपटॉप. स्पीड 500 केबीपीएस. इंजिन आयडलवर ठेवून 5 मिनिटं चिपशिवाय आणि 5 मिनिटं चिपसकट कॅनडम्प, म्हणजे बसवरच्या सगळ्या संदेशांची नोंद, घ्यायचा, मग दोन्ही फाइलींतले संदेशांचे आयडी ताडून पाहायचे. चिप लावल्यावर नवा आयडी एकही येत नाही, बटण दाबूनही नाही. नव्या गाड्यांत गेटवेमुळे (आतली बस आणि सॉकेट वेगळं ठेवणाऱ्या मॉड्यूलमुळे) सॉकेट मुळातच गप्प असतं, तिथे तर एखादी फ्रेम, म्हणजे एक संदेश, सुटली असती तरी लगेच दिसली असती.

इथे हमखास चूक होते ती कॅनेबलवरचा 120 ओहमचा जंपर चालू राहण्याची. बसवर असे दोन रेझिस्टर आधीच असतात. इग्निशन बंद करून 6 आणि 14 मध्ये मोजा, 60 ओहम यायला हवेत. 40 आले तर जंपर काढा, नाहीतर एरर फ्रेम येऊ शकतात.

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? चिप बसवण्याआधी बॅटरी काढायला सांगितलं असेल, तर फ्यूएल ट्रिम (ईसीयूनं शिकलेल्या इंधनाच्या टक्केवारीतल्या दुरुस्त्या) पुसले जातात आणि काही दिवस गाडी वेगळी लागते. शिवाय फरक शोधणारा पाय अॅक्सिलरेटरवर जरा जास्तच दाबला जातो. नुकसान मात्र मोजता येतं. 16 नंबरची पिन चावी काढली तरी जिवंत असते. चिपनं 30 मिलिअँपिअर खाल्ले, तर दिवसाला 0.72 अँपिअर-तास जातात. उभ्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन आठवड्यांत निम्मी.

दुसरा प्रकार रेझिस्टरचा, आणि तो जास्त वाईट, कारण तो खरंच काहीतरी करतो. इनटेक हवेच्या तापमानाच्या सेन्सरऐवजी 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावतात. बॉशचा नेहमीचा सेन्सर 20 अंशांना अडीच किलोओहम आणि 0 अंशाला 5.9 किलोओहम दाखवतो, म्हणजे ईसीयूला वाटतं हवा 5 अंशांची आहे. बाहेर 35 अंश असतील तर त्याच्या हिशेबात हवा 11 टक्के दाट होते आणि मॅप सेन्सरच्या, म्हणजे इनटेकमधला दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या, गाडीत पेट्रोलही तेवढंच वाढतं. ऑक्सिजन सेन्सर ते लगेच पकडतो, शॉर्ट टर्म ट्रिम उणे दहा-अकराकडे जातो आणि मिश्रण मूळ जागी येतं. लाँग टर्म ट्रिम ते शिकेपर्यंत फुल थ्रॉटलला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेलं) राहतं. गरम हवेत ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचंही ईसीयू विसरतो. मग मे महिन्यात घाट चढताना इंजिन ठोकतं. स्कॅनरवर इनटेकचा आकडा 5 वर खिळलेला दिसतो आणि काही गाड्यांत पी 0111 हा इनटेक तापमान सेन्सरच्या बिघाडाचा कोड येतो. सेकंड हँड गाडी घेताना हा आकडा जरूर बघा.

पुढच्या नोंदीत कॉमन रेल डिझेलचा (एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाचा) बॉक्स. तो रेल प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज कमी दाखवून ईसीयूकडून दाब वाढवून घेतो, त्यामुळे गाडी खरंच ओढते. किती, आणि धूर किती, हे मोजायचंय. तिसरा गिअर, 40 ते 80, एसी बंद, एकाच सपाट रस्त्यावर दोन्ही दिशांनी पाच-पाच फेऱ्या. वेळ सेकंदाला दहा नोंदी घेणाऱ्या 10 हर्ट्झच्या जीपीएसवर, कारण ओबीडीचा वेग पूर्ण आकड्यांतच येतो. सोबत रेल प्रेशरचा लॉग.