एक्स-रेची प्लेट

बांधावरून भांडण, डोक्यात कुऱ्हाड, कलम ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ७ वर्षे सक्तमजुरी. मराठवाड्यातल्या फौजदारी अपिलांत असल्या फायली ढिगाने सापडतात. साक्षीदाराला दमदाटी केल्याचा अर्ज रेकॉर्डवर असल्याने माझ्या पक्षकाराच्या शिक्षेला स्थगिती मिळाली नव्हती. अपील सुनावणीला येईपर्यंत ४ वर्षं आतच गेली. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले; गुन्हा त्याआधीचा, म्हणून कलमं जुनीच.

अपिलात साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत, हे पक्षकारांना सांगूनही पटत नाही. जे काही आहे ते पेपर बुकात, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांच्या गठ्ठ्यात. मी आधी निकाल वाचत नाही, निशाण्या, म्हणजे पुराव्यात दाखल झालेले कागद वाचतो. फिर्यादीत होतं, ‘कुऱ्हाडीच्या तुंब्याने डोक्यात मारले.’ म्हणजे पात्याने नाही. अडवायला कुणी नसतानाही दुसरा घाव नाही. जिवे मारण्याचा इरादा तिथेच डळमळला. राहिली गंभीर दुखापत. हाड मोडलं तर कलम ३२० लागतं, आणि डॉक्टरांच्या दाखल्यात कवटीला फ्रॅक्चर होतं, पण एक्स-रेवरून. आणि एक्स-रेची प्लेट दाखलच नव्हती, म्हणजे फ्रॅक्चरचा मूळ पुरावाच नाही. ‘प्लेट आज माझ्यासमोर नाही,’ हे डॉक्टरांकडून उलटतपासात वदवून घेणाऱ्या तालुक्याच्या वकिलाला मी मनातून नमस्कार केला. असा एक प्रश्न वीस पानी युक्तिवादाला भारी असतो.

न्यायमूर्तींनी विचारलं, “प्लेट कुठाय?” सरकारी वकील पानं उलटत राहिले. कलम ३९१ खाली जादा पुरावा मागता आला असता. मागितला नाही. फाईल त्यांच्या हातात सकाळीच पडली असणार, तरी हे माफ करावंसं वाटत नाही. प्रकरण कलम ३२४ वर, म्हणजे घातक हत्याराने केलेल्या साध्या दुखापतीवर उतरलं. त्यात जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे सुटका.

बाहेर जखमी गृहस्थांनी टोपी काढून डोक्यातला खळगा दाखवला. “वकीलसाहेब, प्लेट घरी पेटीत हाय. कुणी मागितलीच न्हाई.”

मी त्यांना सरकारी वकिलांकडे पाठवलं. ती मागणं माझं काम नव्हतं, आणि उद्या तीच फाईल आली तर मी तोच युक्तिवाद करीन. तरी चिडचिड होते ती तपासी अंमलदारावर: दवाखान्यातून एक प्लेट आणवली नाही, आणि पंचनामे मात्र गठ्ठाभर.

पक्षकार आता गावी गेलाय. दोघांची शेतं लागूनच आहेत, आणि बांधाची मोजणी अजून झालेली नाही.