केपटाऊनच्या बो-काप वस्तीत चार दिवस

बो-कापमध्ये मी पोहोचलो तो रविवार होता, आणि त्यामुळे सिग्नल हिलवरून रोज दुपारी बारा वाजता उडणारी तोफ मला त्या दिवशी ऐकू आली नाही. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ती उडत नाही, एवढी साधी चौकशीही मी केलेली नव्हती. चढण फुकट गेली असे मात्र म्हणवत नाही, कारण वरून या वस्तीची कोंडी एका नजरेत कळते: खाली शहराच्या उंच इमारती, पाठीशी डोंगर, आणि मधल्या उतारावर दाटीने उभी असलेली रंगीत बैठी घरे व मिनार. इथल्या मुसलमानांचे सव्वादोनशे वर्षांचे राजकारण एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे, आणि तो प्रश्न जागेचा आहे. नमाज कुठे पढायची, मयत कुठे पुरायची आणि राहायचे कुठे, या क्रमाने फिरलात तर वस्ती नीट उलगडते. नुसती घरे पाहत फिरलात तर हाती फोटो तेवढे लागतात.

सुरुवात डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीपासून करावी. १७९४ साली स्थापन झालेली ही दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद. डच ईस्ट इंडिया कंपनीने गुलाम म्हणून आणि राजकीय कैदी म्हणून जावा, मकासर, तिदोर, श्रीलंका, बंगाल आणि मलबारकडून माणसे आणली, पण त्यांना उघडपणे नमाज पढायला मनाई होती. पुढे या सगळ्यांना ‘केप मलय’ असे एकच नाव चिकटले. पूर्वजांमध्ये बंगाली आणि मलबारी इतके असताना हे नाव फसवे आहे, पण वर्णभेदी सरकारने नेमके तेच कायद्यात पक्के केले. मशिदीचे पहिले इमाम तुआन गुरू हे तिदोर या आजच्या इंडोनेशियातल्या बेटाच्या राजघराण्यातले. १७८० पासून ते केपटाऊनसमोरच्या समुद्रातल्या रॉबेन बेटावर कैदेत होते आणि तिथे त्यांनी स्मरणातून कुराण लिहून काढले. त्यांच्या हातची प्रत मशिदीत काचेआड ठेवलेली आहे. मशिदीची जागा सार्त्जी व्हॅन दे काप या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या घराण्यातल्या स्त्रीकडून मिळाली, आणि हे मला तिथे आवर्जून सांगण्यात आले. जाहीर उपासनेला परवानगी मिळाली ती १८०४ साली, आणि तीही औदार्यापोटी नव्हे: इंग्रजांच्या हल्ल्याची धास्ती होती आणि सरकारला मुसलमान सैनिकांची गरज होती.

मशिदीत जायचे तर नमाजाच्या वेळा सोडून जावे, बाहेर कोणी असेल त्याला विचारूनच आत पाऊल टाकावे, आणि स्त्रियांनी ओढणी जवळ ठेवावी. शुक्रवारी दुपारी बारा ते दोन या वेळात गल्ल्या माणसांनी भरलेल्या असतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीतच असलेला बरा.

लाँगमार्केट स्ट्रीट चढत गेल्यावर ताना बारू कब्रस्तान लागते. बहुतेक पर्यटक इथवर येत नाहीत, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची जागा आहे. १८८२ च्या देवीच्या साथीनंतर सरकारने आरोग्याचे कारण पुढे करून शहरातली कब्रस्ताने बंद करायचे ठरवले. मुसलमानांनी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, आणि काहीच हाती लागले नाही तेव्हा जानेवारी १८८६ मध्ये बंदी झुगारून हजारोंच्या जमावाने एका मुलाची मयत खांद्यावरून इथे आणून दफन केली. दंगल झाली, अब्दोल बर्न्स या पुढाऱ्याला तुरुंगात टाकले, आणि कब्रस्तान बंदच राहिले. तुआन गुरूंची कबर इथेच आहे. वाट चढाची आहे, आणि एकट्याने संध्याकाळी या बाजूला जाऊ नये, असे मला घरमालकीणबाईंनी दोनदा बजावले.

राहण्याच्या प्रश्नाचे उत्तर बो-कापमध्ये सापडत नाही. त्यासाठी बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयात जावे लागते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स ही केपटाऊनमधली वस्ती केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले आणि तिथली साठ हजारांवर माणसे उठवून शहराबाहेर केप फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकली. घरे पाडली, मशिदी आणि चर्चे तेवढी राहिली. संग्रहालयात जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा आहे आणि पूर्वीच्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी हाताने नावे लिहिली आहेत. मी तिथे असताना एक आजी चप्पल काढून त्या नकाशावर उभ्या होत्या. बो-काप त्या वेळी वाचले, कारण ते ‘मलय’ विभाग म्हणून ठरवले गेले होते; ज्यांच्या कागदावर दुसऱ्या वंशाचा शिक्का होता त्या शेजाऱ्यांना मात्र तिथूनही जावे लागले.

क्लेअरमाँटच्या अल-जामिया मशिदीचे इमाम अब्दुल्ला हारून यांनी या सगळ्याविरुद्ध मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून, आवाज उठवला. मे १९६९ मध्ये त्यांना अटक झाली आणि १२३ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. ते जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले आणि ते मान्यही झाले. कुटुंबाने पिच्छा सोडला नाही, आणि २०२३ साली उच्च न्यायालयाने मृत्यूचे कारण पोलिसांचा छळ हेच ठरवले. माउब्रेच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे.

आज बो-कापला बुलडोझरची नव्हे, तर जमिनीच्या भावाची भीती आहे. २०१८ मध्ये एका बांधकामाची क्रेन अडवायला रहिवासी रस्त्यावर बसले, आणि २०१९ मध्ये वस्तीला वारसा-संरक्षणाचे कवच मिळाले. तरी घरपट्टी वाढतच आहे, आणि मुंबईच्या वाचकाला यापुढचे समजावून सांगायला नको. भिंतींवर जागोजागी पॅलेस्टाईनचे झेंडे रंगवलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, त्याबद्दल इथे सरकारचे कौतुक ऐकू येते, पण त्याच माणसाला घरांविषयी विचारले की तेच सरकार दोन मिनिटांत शिव्यांचे धनी होते.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. केपटाऊनमध्ये रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून शंभर वर्षांपूर्वी आलेल्या कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, मुख्यतः ॲथलोन-रायलँड्स भागात. तिथल्या हबिबिया मशिदीबाहेर एका वृद्ध गृहस्थांशी मी मराठीत बोललो. त्यांना वाक्य जुळवता येईना. आजोबांच्या गावाचे नाव, एकपासून वीसपर्यंतचे आकडे आणि दोन अस्सल शिव्या एवढे मात्र त्यांच्यापाशी शाबूत होते, आणि ते त्यांनी आनंदाने म्हणून दाखवले.

काही व्यवहाराच्या गोष्टी. व्हिसा आधी काढावा लागतो, आणि त्यासाठी निघायच्या दीड-दोन महिने आधी कागद द्यावेत. मी उशीर केला आणि पासपोर्ट परत मिळाला तो विमानाच्या आदल्या दिवशी. मुंबईहून थेट विमान नाही. तिथल्या भिंतीतल्या भोकांत आपल्या गीझरची जाड तीन पिनांची वायर बसते, तेव्हा तसे एक्स्टेन्शन घरूनच न्यावे. जून ते ऑगस्ट पाऊस असतो, आणि उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा इतका सुटतो की रॉबेन बेटाची बोट रद्द होते. त्यामुळे बोटीचे तिकीट मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचे काढावे, म्हणजे फेरी रद्द झालीच तर पुढचे दिवस हाताशी राहतात. शाकाहारी माणसाची पंचाईत होते, पण ‘डालची’ मागावी: बेसन आणि पालकाची ती आपली भजीच. कोणाच्या दारात उभे राहून फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे. ‘कनाला’ म्हणजे कृपया आणि ‘त्रमाकासी’ म्हणजे आभार. हे दोन मलय शब्द आफ्रिकान्समध्ये मिसळून आजही चालतात आणि दारे उघडतात.

मुक्काम शनिवारी रात्री वस्तीतच ठेवावा. रविवारी सकाळी घराघरांतून कुसिस्टर विकतात: बडीशेप आणि दालचिनी घातलेले मऊ तळीव गोळे, पाकात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेले. डबा आपला न्यावा, सुटे पैसे ठेवावेत, आणि नऊच्या आत जावे. मी साडेनऊला गेलो तेव्हा परातीत नुसता पाक उरला होता.