गाळ्याचं भाडं, उधारी आणि कॅटचा फॉर्म

शनिवार, रात्री उशिरा

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, फॉर्म आज भरला. गणपती उठले की भरायचा, असं ठरलंच होतं. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एकात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकलं तर १ वजा. गणित बरंचसं दहावीच्याच आसपासचं, पण घड्याळ डोक्यावर बसलेलं. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, चालू आहेत, चुकलेली उदाहरणं परत सोडवणं चालू आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही.

लिहायचंय ते मामाच्या दुकानाबद्दल.

वर्गात कुणी 'एमबीएची तयारी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पर्सेंटाइल येतो. मला मात्र उन्हाळ्यापासून वेगळी काळजी होती. अर्थशास्त्राच्या पदवीचं हे तिसरं वर्ष. मागणी-पुरवठ्याचे वक्र काढले, सीमांत खर्चाची समीकरणं सोडवली, संख्याशास्त्र केलं, पण कुठल्याही धंद्याचा ताळेबंद हातात घेऊन वाचलेला नाही. बी.कॉम.ची मुलं तो पहिल्या वर्षापासून लिहितात. एमबीएच्या पहिल्याच सत्रात हिशेबशास्त्र समोर येणार, आणि तिथे कुणी माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून मे महिन्यात मामाला विचारलं, तुझ्या वह्या बघू का? मामाचं पुण्यात रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, फिटिंग, बिजागऱ्या. तो म्हणाला, "ये की. आयता कुणीतरी हिशेब तपासणार असेल तर मला काय!"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी जाते. शटर अर्धं ओढलेलं, आत पंखा, आणि काउंटरवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलेलं. रोजच्या नोंदींची रोजकीर्द, खातेवार खतावणी, सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची तेरीज, मग नफातोटा पत्रक, मग ताळेबंद, या क्रमाने मामाने मला चालवलं. घसारा म्हणजे काय हे व्याख्येने माहीत होतं, पण टेम्पोची किंमत दरवर्षी पुस्तकात थोडी थोडी खाली येताना पाहिली तेव्हा ते डोक्यात बसलं.

मग एक दिवस नफ्यावर आलो. वर्षाचा निव्वळ नफा नऊ लाख. मी विचारलं, "मामा, गाळ्याचं भाडं कुठे लावलंयस?"

"आपल्याच गाळ्याचं कसलं गं भाडं?"

"शेजारचा गाळा कितीला गेला?"

"महिना चाळीस हजार."

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. भाड्याचे वर्षाचे ४ लाख ८० हजार. मामा दिवसभर उभा असतो, त्याच्या जागी माणूस ठेवला तर महिना तीस हजार तरी लागतील, म्हणजे ३ लाख ६० हजार. राहिले ६० हजार. आणि वीस लाखांचा माल पडून आहे, ते पैसे मुदत ठेवीत असते तर सात टक्क्यांनी १ लाख ४० हजार व्याज आलं असतं. म्हणजे हिशेबनीसाच्या वहीत नऊ लाख नफा आणि अर्थशास्त्राच्या वहीत ८० हजार तोटा. वर्गात हे उदाहरण दहादा झालंय, पण तिथे दुकानदाराला चेहरा नसतो.

मामाने चष्मा कपाळावर नेला आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी मला तीस हजारांवर ठेवणार कोण?"

यावर मी बराच वेळ गप्प होते. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे हातात खरोखर असलेल्या पर्यायांपैकी सर्वांत चांगल्याची किंमत. मी लावलेली किंमत मामाच्या जागी येणाऱ्या माणसाची होती. मामासमोर प्रत्यक्षात असलेला पर्याय म्हणजे गाळा भाड्याने देऊन घरी बसणं. त्याच्या पगाराचा आकडा काढला की ८० हजारांचा तोटा जाऊन २ लाख ८० हजार शिल्लक दिसते, म्हणजे दुकान चालवण्यात अर्थ आहे. तत्त्व तेच, माणूस नीट पाहिला की उत्तर फिरलं. हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं स्वच्छ कळलं नसतं.

नंतर त्याने मला उधारीची यादी दाखवली. "नऊ लाख नफा दिसतोय ना? मग गल्ल्यात दाखव बरं." ठेकेदारांकडे चौदा लाख अडकलेले. माल गेला, बिल झालं, नफा पुस्तकात चढला, पैसे अजून यायचेत. ठेकेदार तीन-तीन महिने लावतात, कारण त्यांना पुढून बिल्डर देत नाही. इकडे मामाचा बराच माल भोसरीच्या लहान कारखानदारांकडून येतो. अशा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल फार तर ४५ दिवसांत भागवावं लागतं. मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही ते थकलेलंच असेल, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. लहान कारखानदाराला वेळेवर पैसे मिळावेत म्हणून केलेली ही तरतूद, आणि मला ती मनापासून पटते. पण मधल्या दुकानदाराला एका बाजूने ४५ दिवस आणि दुसऱ्या बाजूने नव्वद, मधलं अंतर बँकेच्या कॅश क्रेडिटने, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाने, भरायचं, त्यावर व्याज. खेळतं भांडवल या शब्दांचा सगळा अर्थ त्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. आमच्या वक्रांमध्ये पैसा वस्तूबरोबरच हात बदलतो. रविवार पेठेत तसं होत नाही.

बीएमसीसी रस्त्यावरून जाताना गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संस्था लागते तेव्हा हल्ली अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवतात. संस्था १९३० ची, ते तिचे पहिले संचालक. तीसच्या दशकात त्यांनी याच शहरातल्या फळबाजाराची पाहणी केली होती, पुढे पुण्यातल्या कुटुंबांच्या उत्पन्नाची आणि कामधंद्यांचीही. सिद्धांत त्यांना कमी येत होता म्हणून ते बाजारात गेले असं थोडंच आहे! अर्थशास्त्र सोडून मॅनेजमेंटकडे चाललीस का, असं सरांनी विचारलं होतं. मला तसं वाटतच नाही.

अभ्यासिकेचं थोडं लिहून ठेवते. मी शास्त्री रोडजवळच्या अभ्यासिकेत बसते. तिथे जवळपास सगळे एमपीएससीवाले. शेजारच्या टेबलवरची ताई लातूरकडची. परवा चहाला गेलो तेव्हा तिने विचारलं, "महागाईचा दर कमी झाला म्हणतात, मग डाळ स्वस्त का नाही झाली?" मी म्हटलं, "शंभराची डाळ गेल्या वर्षी एकशे आठला गेली आणि यंदा एकशे अकराला, तर दर आठावरून तीनच्या खाली आला. डाळ महागच झाली, फक्त हळू." मग रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या चलनविषयक धोरण समितीवर आलो, सहा सदस्य, महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य, वर-खाली २ ची मुभा. चहा संपला तरी तिचे प्रश्न संपेनात, आणि मला ते हवेच होते. मुलाखतीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हेच विचारतात, आणि ताईइतके थेट प्रश्न मॉक इंटरव्ह्यूत कुणी विचारलेले नाहीत.

रात्री जेवताना बाबांनी खर्चाचा विषय काढला. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या वर जाते. राज्याच्या सीईटीतून मुंबईचं जमनालाल बजाज मिळालं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. बाबांनी फीमध्ये जेवणाखाण्याचा खर्च मिळवला. मी म्हटलं, "बाबा, जेवण काढा, घरी राहिले तरी जेवणारच आहे. त्याऐवजी दोन वर्षांचा न मिळालेला पगार धरा." आई हसली, पण बाबांनी खरंच तसं मांडलं.

आणि तो पगार मांडल्यावरच माझं ठरलं. आधी दोन वर्षं नोकरी. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीचा पगार कमी असतो म्हणून लगेच जाणं स्वस्त पडतं, हे खरं. पण वर्गात बोलायला माझ्याकडे एका दुकानापलीकडे काही नसेल, आणि एमबीएच्या वर्गात निम्मं शिक्षण शेजारी बसलेल्यांच्या अनुभवातून होतं. कॅटचे गुण एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतात, जीमॅट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचे पाच वर्षं. म्हणून यंदाची कॅट मनापासून देणार, मोठी आयआयएम मिळाली तर घरात पुन्हा बोलू. नाहीतर पुढच्या वर्षी नोकरी करता करता जीमॅट. पदवीच्या ऐच्छिक चौथ्या वर्षाला मी थांबणार नाही, मात्र या सत्रातली अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचा विषय, कितीही जड गेली तरी सोडणार नाही. उधारी का थकते हे मामाच्या आकड्यांवरून शोधायचं असेल तर तीच लागणार आहे.

मामाला कबूल केलंय, पुढच्या खेपेला थकबाकीची यादी ग्राहकवार लावून देईन. तीस दिवसांच्या आतली एका रकान्यात, तीस ते साठ, साठ ते नव्वद आणि त्यापुढची वेगळी. शेवटच्या रकान्यातल्यांना नवा माल द्यायचा की नाही, हे तो ठरवेल. मला वाटतं, दोघांना देऊ नये. कोण ते मी त्याला आधीच सांगितलंय, आणि त्यातला एक त्याचा शाळेपासूनचा मित्र निघाला.