‘ही आहे ना घरात’

“बाबांना हलवायचं की नाही, एवढंच सांगा,” असं म्हणत आलेली भावंडं बहुतेक वेळा आधीच दोन बाजू धरून बसलेली असतात. ही दोघंही तशीच. मुलगी म्हणत होती, आजच माझ्याकडे नेते. मुलगा म्हणत होता, ते स्पष्ट नाही म्हणताहेत, मग मनाविरुद्ध कसं न्यायचं? मला दोघांचंही पटत होतं.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. काका 81 वर्षांचे, अल्झायमरचे रुग्ण, पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे. गॅस दोनदा उघडा राहिला होता, एकदा पहाटे शेजाऱ्यांनी रस्त्यावरून घरी आणलं होतं. अशी एकाएकी घसरण झाली की आधी शरीर तपासावं लागतं, कारण लघवीच्या साध्या संसर्गानेही म्हातारं माणूस पार भ्रमिष्टासारखं वागू लागतं. डॉक्टरांनी तो पाहिला होता, थायरॉइड आणि बी 12 सुद्धा. स्मृतिचाचणीत 30 पैकी 17 गुण होते.

पण 17 गुणांवरून कुणाचं घर सोडवता येत नाही. निर्णयक्षमता त्या त्या निर्णयापुरती बघायची असते: माहिती समजते का, ठरवेपर्यंत डोक्यात राहते का, बरंवाईट तोलता येतं का, आणि काय ठरवलं ते सांगता येतं का. संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून मी सकाळीच त्यांच्या घरी गेले.

काकांनी मला सगळं घर दाखवलं. चालताना त्यांचा हात आपोआप कपाटाच्या कडेवर, मग चौकटीवर, मग न्हाणीघराच्या कडीवर जात होता. त्या सगळ्या जागांचा रंग उडालेला होता. “रात्री मला दिवा लागत नाही,” ते म्हणाले. खरंच लागत नसणार. नव्या जागेत हे सगळं हातातून जाणार होतं, आणि नाही म्हणताना ते नेमकं तेच सांगत होते. तोपर्यंत माझा कल मुलाच्या बाजूने होता.

मग मी विचारलं, “काका, रात्री गॅसचा वास आला तर काय कराल?”

“मला कशाला कळायला हवं? ही आहे ना घरात. ती उठवेल.”

मुलगा खाली बघू लागला. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

मी थोड्या वेळाने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारला. उत्तर तेच आलं. घराचा लळा खरा होता, पण धोका तोलताना त्यांच्या हिशेबात काकू जिवंत होत्या. एकटं राहण्याचा निर्णय ते घेतच नव्हते, कारण आपण एकटे आहोत हेच त्यांच्यापाशी नव्हतं. गॅसला आपोआप बंद होणारी झडप बसवून झाली होती. रात्रीच्या मदतनीस बाईंना त्यांनी चोर समजून बाहेर काढलं होतं. हलवायला हवं, असं मी लिहून दिलं.

मात्र नकाराचं कारण कळलं होतं, त्यामुळे कसं हलवायचं तेही त्यातूनच ठरलं. मुलीच्या घरी त्यांचाच पलंग नेला, उतरायची बाजू तीच ठेवली, न्हाणीघर त्याच हाताला येईल अशी खोली निवडली. भिंतीला कठडा लावला. “दोन दिवसांसाठी जातोय” असं सांगून न्यायचं घरच्यांच्या मनात होतं, ते मी करू दिलं नाही. विसरणाऱ्या माणसालाही फसवल्याची चीड राहते, गोष्ट विसरली तरी. “बाबा, मला तुमची काळजी वाटते, म्हणून माझ्याकडे चला,” असं मुलीने सांगितलं. ते चिडले, रडले, आणि गेले.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. अजूनही संध्याकाळी ते घरी जायला निघतात. मुलगी आता वाद घालत नाही, चपला घालून त्यांच्याबरोबर एक फेरी मारून येते. मुलाला अजून वाटतं की आपण घाई केली. पुढच्या भेटीला त्यालाही बोलावलं आहे.