षट्कोनी फुलांची अमेरिकन रजई: चिंध्या किती, विकतचं कापड किती

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं की एक ठरावीक रजई हटकून दिसते. मधे पिवळा षट्कोन, भोवती सहा एकरंगी पाकळ्या, त्यांच्याभोवती बारा छापील पाकळ्या आणि फुलाफुलांमधून फिरणारी पांढरी पायवाट. 'ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन' म्हणतात तिला. षट्कोनांची जोडणी इथे जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या एका महिला मासिकाने १८३५ मध्येच तसा नमुना छापला होता. पण हे रूप घरोघरी पोचलं ते १९३० च्या दशकातल्या मंदीत. पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य तेव्हा छापील सुती पोत्यांतून यायचं. बायका पोती उसवून मुलींचे फ्रॉक शिवायच्या आणि उरलेल्या तुकड्यांची रजई करायच्या.

तिकडे महाराष्ट्रातही घरोघरी ब्लाउजची कातरणं साठलेली असतात, त्यामुळे हा नमुना पाहून हात शिवशिवतात. कात्री हातात घेण्याआधी मात्र एक हिशोब करा. एका फुलाला १, ६ आणि १२ मिळून १९ तुकडे लागतात. पायवाटेचे तुकडे शेजारच्या फुलांत वाटले जातात, म्हणून एका फुलामागे त्यांचे ८ च पडतात. एकूण २७, आणि त्यांतले छापील फक्त १२. चिंध्यांची म्हणून ओळखली जाणारी ही रजई निम्म्याहून जास्त साध्या कापडाची आहे! नव्याने केलेल्या बऱ्याच रजया नेमक्या इथेच फसतात. प्रत्येक तुकडा छापील घेतला की फूल कुठे संपतं आणि वाट कुठे सुरू होते तेच कळत नाही. पिवळा आणि पायवाटेचा रंग रजईभर एकच ठेवा, मग छापील फेरीत कितीही भिन्न तुकडे चालतात.

एक इंच बाजूचा षट्कोन धरला तर ६० बाय ८० इंचांच्या एकेरी रजईला अंदाजे ६८ फुलं बसतात. म्हणजे ६८ पिवळे, ४०८ एकरंगी, ८१६ छापील आणि ५४४ पायवाटेचे तुकडे. प्रत्येक तुकडा अडीच इंची चौकोनातून निघतो. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून साधारण २४० चौकोन मिळतात, म्हणून कडेचे तुकडे धरून पायवाटेला तीन मीटर आणा आणि एकदमच आणा, पुढच्या ताग्याची छटा वेगळी निघते. बारा छापील पाकळ्यांसाठी साडेसात बाय दहा इंचांचं कातरण पुरतं. त्याहून लहान तुकडे असतील तर एका फुलात दोन छाप आलटून पालटून लावा.

एकरंगी कापडासाठी मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू उत्तम, फक्त शुद्ध सुती आहे का ते पाहा. नखाने घडी दाबली की ती तशीच राहायला हवी. मिश्र धाग्याचं कापड घडी धरत नाही, कोपरे गोल होतात. खण आणि रेशमी काठ कडेने उसवतात, ते टाळाच. पायवाटेला झगझगीत पांढरं घेऊ नका. जुन्या रजयांचं पांढरं किंचित दुधाळ दिसतं, त्यामुळे कोरं मलमलसुद्धा जवळचं वाटतं, पण दाट विणीचं हवं. सगळं कापड आधी धुऊन खळ आणि आटणं काढून टाका. लाल आणि गडद निळे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर ते बाजूला ठेवा.

प्रत्येक तुकडा आधी कागदी षट्कोनावर दुमडून घेतात आणि मग जोडतात, म्हणून पुढचं सगळं यश कागदावर अवलंबून आहे. पोस्टकार्डाइतक्या जाडीचे कागदी षट्कोन एकाच मापाचे लागतात. प्रिंटर 'फिट टू पेज' वर राहिला तर ते नकळत लहान होतात. अशा दोन खेपा मिसळल्या, बाहेरच्या फेरीत लहान कागद गेले, की फूल वाटीसारखं खोलगट होतं आणि इस्त्रीनेही बसत नाही. छापलेल्या प्रत्येक पानावरची एक बाजू पट्टीने मोजा.

कागद चौकोनाच्या मधोमध ठेवून पाव इंच शिलाई सोडून कडा मागे दुमडा. कोपऱ्यावर घडीत घडी बसवून तिथे कच्चा टाका घ्या. सुई कागदातून जाऊ देऊ नका. सगळे तुकडे एकाच दिशेने दुमडा, म्हणजे तीन कोपरे भेटतात तिथे मागच्या शेपट्या, म्हणजे घडीबाहेर उरलेली कापडाची टोकं, एकमेकींत बसतात, गाठ होत नाही. गडद रंगाची शेपटी पांढऱ्या तुकड्यामागे गेली तर सावली पुढून दिसते, ती कापून टाका.

जोडताना दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक धरा. कोपऱ्यापासून थोडं आत सुरुवात करून आधी कोपऱ्याकडे या, मग उलट फिरून पूर्ण बाजू शिवा. कोपरा उघडा राहत नाही. प्रत्येक टाक्यात दोन्ही घड्यांचे एकदोनच धागे उचला, इंचाला बारा ते सोळा टाके. जास्त कापड उचललं की टाके पुढून दिसतात, दोरा आवळला की बाजू चुणते. दहा नंबरची बारीक सुई, राखाडी सुती दोरा आणि एका वेळी हातभरच लांबी. दोन तुकड्यांच्या खाचेत तिसरा बसवताना कागदासकट षट्कोन मधून दुमडायला घाबरू नका. सहाही बाजू जोडल्याशिवाय मात्र कागद काढू नका. षट्कोनाच्या काही बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या असतात, आधार गेला की त्या ताणल्या जातात. काढण्याआधी इस्त्री फिरवा.

गोधडीत थर अंथरून वरची ठिगळं धावदोऱ्याने त्यांच्यासकट शिवतात. इथे वरचा थर आधी पूर्ण होतो, मग त्याखाली पातळ सुती भराव आणि चारी बाजूंनी चार इंच जास्त असलेलं अस्तर घालतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक षट्कोनाच्या आत पाव इंचावर धावदोरा येतो. तो चिकाटीने घाला. पाकळ्यांना उठाव त्यानेच येतो. अस्सल नमुने जवळून बघायचे असतील तर नेब्रास्कातल्या लिंकनच्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियमचा संग्रह ऑनलाइन खुला आहे.

शेवटी कड. षट्कोनांची नागमोडी कड तशीच ठेवायची असेल तर गोट उरेब पट्टीचाच हवा, सरळ पट्टी खाचांमध्ये वळत नाही. प्रत्येक आतल्या खाचेत शिलाईपर्यंत एक चीर द्या आणि तिथे पट्टी ताणू नका. सवय नसेल तर अर्धे षट्कोन कापून कड सरळ करा, पण आधी कापायच्या रेषेच्या आत मशीनची एक शिलाई मारून घ्या, नाहीतर कापलेले टाके उसवत जातात.