नांदुरीच्या फाट्यावरची भाकरी

तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडची, तयारी करत होतो. वीस तासांत संपवायची, मधे कंट्रोल, म्हणजे नोंदीचे ठरलेले थांबे, सोडून कुणाची मदत घ्यायची नाही. दोनशेची ब्रेव्हे मी साडेतेरा तासांच्या मुदतीत, पाऊण तास राखून पूर्ण केली होती. त्यामुळे पायांवर विश्वास होता. विश्वास नव्हता तो चढावर, म्हणून सप्तशृंगी गड. नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट, दोनदा चढायचा, दोनदा उतरायचा आणि नाशिकला परत. साधारण दीडशे किलोमीटर.

नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या नाशकात पहाटे साडेपाचला गंगापूर रोडवर सायकलींचे लाल दिवे दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. मीही त्या लाटेतलाच. सायकल चांगली आहे. घाटासाठी मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, बदलली: ११-२८ ची काढून ११-३४ ची बसवली, म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीला ३४ दात. पुढे पेडलपाशीही ३४ दातांची चकती असल्यामुळे सगळ्यात हलका गिअर एकास एक पडतो. चढावर गुडघ्यांवरचा ताण जाणवण्याइतका कमी झाला. हा बदल आधीच करायला हवा होता, असं प्रत्येक वळणावर वाटलं. गोटी होऊन बसणारी पॅडची चड्डी बदलली, टायर २८ मिलिमीटर रुंदीचे केले. पैसे, वेळ, चर्चा, सगळं सायकलवर खर्च झालं. पोटाचा विचार मी एनर्जी जेलच्या, म्हणजे ताकदीसाठी चोखायच्या घट्ट गोड पाकाच्या, पाच पाकिटांत उरकला होता.

पहाटे साडेचारला निघालो. दिंडोरी अंधारातच गेली, वणीला उजाडलं. पहिली चढाई छान झाली. दुसरीत वाट लागली.

रामनवमी दोन दिवसांवर होती. उन्हाचा चटका नऊलाच लागायला लागला. ओआरएस घातलेली बाटली वणीच्या आधीच संपली होती. नंतर मी टपऱ्यांवरून नुसतं पाणी भरत राहिलो. चौथं जेल तोंडात घेतलं आणि गिळवेना. जिभेवर गोड चिकट थर, पोटात ढवळलेलं. जेलची सवय मी केली होती ती जानेवारीच्या थंडीत, ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या राईडवर. उन्हात शरीर गार राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि घट्ट गोड पदार्थ तिथेच पडून राहतो. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं घाटात आठवत नाही.

कसाबसा उतरून नांदुरीच्या फाट्यावर आलो. हात कापत होते, ब्रेक दाबताना बोटं वळत होती. लिंबाखाली पदयात्रींची एक तुकडी बसली होती. खानदेशातून, धुळ्याच्याही पलीकडून आलेली माणसं, चालण्याचा सहावा दिवस. मी सायकल झाडाला टेकवली आणि तिथेच मातीत बसलो.

“काय व्हयनं रे भाऊ?”

पंचावन्न-साठीच्या बाई होत्या. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या पुढे केला, पण आधी माझ्या पाठीकडे पाहिलं. काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटले होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी भुकटी मला दाखवली. “नुसतं पानी पिऊ नको. पहिले हाई खाय.”

फडक्यातून कळण्याची भाकरी निघाली. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात मीठ दळतानाच घातलेलं. वर मिरचीचा ठेचा, बोटभर. पहिला घास तोंडात फिरत राहिला. दुसऱ्याला तोंडाला पाणी सुटलं. अर्धी भाकरी गेली आणि वीस मिनिटांत हाताचं कापरं थांबलं. ती चव मी अजून विसरलेलो नाही.

खाताना त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. टाचेजवळच्या फोडातून सुईने दोरा ओवून दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवली होती, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी शाबूत राहते. वर तेल-हळद. मला सायकलच्या सीटवर घासून झालेल्या माझ्या जखमा आठवल्या, त्यांसाठी आणलेली क्रीमं आठवली. मी विचारलं, मावशी, दिवसभर खाता कधी? त्यांनी सांगितलं ते असं: पहाटे तीनला निघायचं, निघण्याआधी दोन घास, मग प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं, भुकेची वाट बघायची नाही. दहाला सावली धरायची.

तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या अर्ध्या तासापासून, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पाळलं मात्र नव्हतं. भूक लागली तर खाऊ, असंच सायकलवर नेहमी व्हायचं.

मग त्यांनी विचारलं, दर्शन झालं का. मी दोनदा वरपर्यंत गेलो होतो आणि दोन्ही वेळा घड्याळाचं बटण दाबून सायकल वळवली होती. हे सांगताना मला मान वर करता आली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उरलेली अर्धी भाकरी कागदात गुंडाळून माझ्या पाठीच्या खिशात सरकवली.

सायकल टपरीवाल्याच्या हवाली केली आणि एसटीने वर गेलो. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट बाहेर काढून ठेवले. तापलेल्या पायऱ्यांवर तळवे भाजत होते, पण अठरा भुजांसमोर उभा राहिलो तेव्हा बराच वेळ हललो नाही.

चारला परत निघालो. दिंडोरीच्या बाहेर, द्राक्षबागांच्या कडेला थांबून कागद उघडला आणि अर्धी भाकरी संपवली. घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. आईने जर्सी बादलीत टाकली आणि मी तिला विचारलं, ज्वारीत उडीद किती घालतात.