करूळ घाट, रिकामी पिकअप आणि वारंवार जाणारे सेंटर बेअरिंग

जुन्या पिकअपचे सेंटर बेअरिंग (दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टला मध्ये आधार देणारे, रबरात बसवलेले बेअरिंग) पहिल्यांदा गेले तर ते बदलून मोकळे व्हावे. थोड्याच अवधीत दुसऱ्यांदा गेले तर मात्र नवे बेअरिंग विकत घेण्याआधी संपूर्ण प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) तपासून घ्यावी, आणि तोवर गाडी गगनबावड्याच्या पुढे, म्हणजे घाटात, नेऊ नये. कोल्हापुरातून गूळ भरून मालवणला निघण्यापूर्वी मला असे कोणीही सांगितले नाही. ‘माल जास्त भरता म्हणून बेअरिंग जाते’ हेच प्रत्येक गॅरेजात ऐकावे लागले आणि दर वेळी नवे बेअरिंग व त्याचे बिल तेवढे मिळाले.

कळे, असळज, गगनबावडा आणि करूळ घाटाचा उतार या वाटेवर भरलेली गाडी निमूट चालली. मालवणचा मुक्काम सुखाचा झाला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. परतीला गाडी जवळजवळ रिकामी होती आणि वैभववाडी सोडून घाट चढू लागताच खालून थरथर सुरू झाली. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून थांबावे लागले, आणि पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलताना केबिनच्या मागून घणाचे घाव बसावेत तसे आवाज आले. बेअरिंगभोवतीचे रबर पूर्ण फाटले होते. चढ, मागे लागलेल्या गाड्यांची रांग आणि वाहन बाजूला घ्यायला पुरेशी जागा नाही, अशा ठिकाणी हा बिघाड होणे म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

गाडी हळूहळू मागे खाली आणून घाटाखालच्या एका गॅरेजात दाखवली. तेथे बेअरिंगचे दुप्पट पैसे घेतले गेले आणि कारण पुन्हा तेच सांगितले गेले: जादा माल. रिकाम्या गाडीबद्दल असे बोलणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

खरे निदान कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातील एका अनुभवी मेस्त्रींनी केले. आधीच्या मालकाने मागच्या कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा घातला होता. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राहते, शाफ्टचा मागचा भाग अधिक तिरका होतो आणि क्रॉसवरचा, म्हणजे शाफ्टच्या सांध्यावरचा, कोन वाढतो. माल भरला की कमान दबते व कोन कमी होतो, म्हणून भरलेली गाडी तक्रार करत नाही. चढावर खालच्या गिअरमध्ये जोर लागतो, तेव्हा या वाढलेल्या कोनामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका बसतो आणि तो सेंटर बेअरिंगच्या रबरालाच सोसावा लागतो. भर म्हणून, पूर्वी कधीतरी शाफ्ट जोडताना स्प्लाइन (शाफ्टचे भाग एकमेकांत सरकू देणारा दातेरी जोड) चुकीच्या दातावर बसवली गेली होती, त्यामुळे मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नव्हते. बहुतेक गाड्यांत ते एका रेषेत असावे लागतात. नसतील तर एका क्रॉसने निर्माण केलेली असमान गती दुसऱ्याकडून रद्द होत नाही. म्हणून शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचाने खूण करायला लावावी, आणि मेस्त्री टाळाटाळ करील तर गाडी त्याच्याकडून परत घ्यावी.

काढलेले बेअरिंग गॅरेजात सोडून येऊ नये, कारण पुरावा तेच असते. रबर पुढे किंवा मागे ओढले गेले असेल तर स्प्लाइन कोरडी पडून अडकत आहे. रबर तेलाने फुगले असेल तर गिअरबॉक्सचे सील पाहावे. आत गंज असेल तर पाणी शिरले आहे. थरथर गाडी उचलताना होत असेल तर कोनावर संशय घ्यावा, आणि ठरावीक वेगालाच होत असेल तर शाफ्टच्या बॅलन्सिंगवर (वजनाच्या समतोलावर). टायरच्या मापावर आणि मागच्या ॲक्सलच्या गिअर गुणोत्तरावर अवलंबून, ताशी साठच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे 2000 फेरे घेते, त्यामुळे थोडासा वाकही थरथरीला पुरेसा होतो.

माझ्या गाडीचा जादा पाटा काढला, योक जुळवले, दोन्ही क्रॉस बदलले आणि बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले. ज्यांना जड मालासाठी पाटा ठेवायचाच आहे त्यांनी कोन मोजून ब्रॅकेटखाली पट्टी किंवा ॲक्सलखाली पाचर घालून घ्यावी. अंदाजाने घातलेली पाचर पाटा असण्यापेक्षा वाईट.

घाटात शाफ्ट काढावीच लागली तर एक गोष्ट जिवावर बेतू शकते: शाफ्ट सुटताच गिअरमध्ये उभी केलेली गाडी गिअरवर थांबत नाही. चारही चाकांना दगड लावल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ देऊ नये, क्लीनरला तर मुळीच नाही. गगनबावड्याहून उतरणारा भुईबावड्याचा अरुंद घाट अशा गाडीसाठी पर्याय समजू नये. घाटाखाली मी मोजलेल्या पैशांत उद्यमनगरात बॅलन्सिंगसह सारे काम होऊन पैसे उरले असते.